बॅकलाइट ड्रायव्हरमधील क्लॉक कसे सांभाळावेत

पडदा बंद केल्यावरही बॅटरी उतरत राहते, बूट होताना लोगो दिसून गेल्यावर पडदा एकदम काळा पडतो, किंवा एखादे रजिस्टर वाचायला गेल्याबरोबर सगळा बोर्ड गोठून बसतो. बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा, ड्रायव्हर पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या वाट्याला या तीन तक्रारी कधी ना कधी येतातच, आणि शोध घेतला तर तिन्हींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडते: क्लॉक, म्हणजे चिपच्या भागांना चालवणारे नियमित ठोके, कोणी, केव्हा चालू केला आणि कोणी, केव्हा बंद केला. क्लॉकचे काम वरवर पाहता दोन-तीन फंक्शनांचे आहे, म्हणून ते शेवटी घाईघाईने उरकले जाते. ते पहिल्यापासून नीट बसवले तर पुढचा ड्रायव्हर लिहिणे सोपे होते.

हा लेख लिनक्स कर्नलपुरता आहे. उदाहरण म्हणून मीडियाटेकच्या एमटी८१७३ या चिपमधील डिस्प्ले पीडब्ल्यूएम (स्पंदांच्या रुंदीने उजेड ठरवणारा) हा भाग घेतला आहे, कारण त्याचा ड्रायव्हर लहान आहे, त्यात दोन क्लॉक आहेत आणि त्यांच्या हाताळणीत मध्यंतरी झालेले बदल शिकण्यासारखे आहेत. वाचकाला सी भाषा येते, कर्नल बांधून बोर्डावर चढवता येतो आणि डिव्हाइस ट्री पाहिलेली आहे, एवढे गृहीत धरले आहे. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये शोधताना जोडरेषेच्या जागी अधोरेषा आणि 'क्लॉक' या शब्दाच्या जागी त्याचे तीन अक्षरी लघुरूप असते, हे लक्षात ठेवावे.

पहिली पायरी: क्लॉक कोणाच्या मालकीचा आहे ते ठरवावे

पडद्यामागच्या एलईडींना वीज पुरवणारी एक वेगळी चिप असते आणि प्रकाश किती हवा हे तिला मुख्य चिपकडून येणाऱ्या स्पंदांच्या रुंदीवरून कळते. स्पंद तयार करणारा भाग म्हणजे पीडब्ल्यूएम. त्याच्या आत एक मोजयंत्र असते. ते क्लॉकचे ठोके मोजते, ठरलेल्या संख्येपर्यंत पिन वर ठेवते, उरलेल्या ठोक्यांसाठी ती खाली आणते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. ठोके थांबले की मोजणी थांबते.

कर्नलमध्ये या कामाचे दोन थर आहेत. वरचा थर म्हणजे सर्वांना सामायिक असा पीडब्ल्यूएम-बॅकलाइट ड्रायव्हर. वापरकर्त्याने सरकपट्टी हलवली की तो तिचा आकडा उजेडाच्या पायरीत बदलतो, वीजपुरवठा आणि एनेबल पिन सांभाळतो आणि खालच्या थराला 'एवढा आवर्तकाल, एवढी रुंदी, चालू' असे सांगतो. खालचा थर म्हणजे चिपच्या त्या भागाचा खास ड्रायव्हर, जो प्रत्यक्ष रजिस्टरांना हात लावतो. क्लॉकची मालकी याच खालच्या थराकडे असावी. ज्याला रजिस्टर लिहायचे आहे त्यानेच त्या रजिस्टरामागचा क्लॉक सांभाळावा, या नियमाला अपवाद करण्याचे कारण मला तरी आजवर पटलेले नाही. वरच्या थरातून क्लॉक चालू-बंद करण्याचे जुगाड काही विक्रेत्यांच्या कोडमध्ये दिसतात. ते एका बोर्डावर चालतात आणि दुसऱ्यावर गोत्यात आणतात.

एमटी८१७३ मध्ये या भागाला दोन क्लॉक लागतात आणि डिव्हाइस ट्रीत त्यांची नावे 'मेन' आणि 'एमएम' अशी आहेत. 'मेन' हा स्पंद तयार करण्यासाठी लागणारा क्लॉक, तर 'एमएम' हा डिस्प्लेच्या इतर भागांशी मेळ राखण्यासाठी लागणारा. आपल्या चिपच्या माहितीपुस्तिकेतून असाच हिशेब आधी कागदावर मांडावा: कोणत्या क्लॉकवर मोजयंत्र चालते, कोणत्या क्लॉकवर रजिस्टर वाचता-लिहिता येते आणि कोणता क्लॉक दोन्हीसाठी लागतो. रजिस्टरांचा क्लॉक बंद असताना रजिस्टर वाचले तर काय होईल हे चिपवर अवलंबून असते. काही चिपांवर नुसते शून्य मिळते, काहींवर बस उत्तराची वाट पाहत अडकते आणि प्रोसेसरही तिच्याबरोबर अडकतो. शून्य मिळणे अधिक वाईट, कारण त्यात चूक झाल्याचे कळतही नाही.

दुसरी पायरी: प्रिपेअर आणि एनेबल यांतला फरक समजून घ्यावा

कॉमन क्लॉक फ्रेमवर्क २०१२ मध्ये कर्नलच्या ३.४ आवृत्तीत आले. त्याआधी जवळजवळ प्रत्येक चिप-कुटुंबाचा क्लॉकचा कोड निराळा होता. आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याला क्लॉक म्हणजे एक बंद पेटी असते: ती मागावी, चालू करावी, तिचा दर विचारावा, बंद करावी, आत पीएलएल (ठोके तयार करणारे मंडल) आहे, भाजक (दर कमी करणारा) आहे की नुसते गेट (ठोके सोडणारे किंवा अडवणारे दार) आहे, याची चौकशी करू नये.

चालू करण्याचे मात्र दोन टप्पे आहेत. शेतात विहिरीवरचा पंप सुरू केला की पाणी पाटात यायला वेळ लागतो आणि तोवर थांबावे लागते. दारे मात्र फावड्याच्या एका फटक्यात फिरवता येते. क्लॉक-प्रिपेअर म्हणजे तो पंप. पीएलएल स्थिर होण्याची वाट पाहणे किंवा आयटूसी बसवरून क्लॉक चिपशी बोलणे अशी वेळखाऊ कामे त्यात होतात, म्हणून ते फंक्शन झोपू शकते आणि इंटरप्ट हँडलरमधून किंवा स्पिनलॉक धरलेला असताना ते बोलावता येत नाही. क्लॉक-एनेबल म्हणजे दारे. ते झोपत नाही, म्हणून कुठूनही चालते, पण प्रिपेअर झाल्यावरच. आतल्या रचनेतही हा भेद आहे: प्रिपेअरच्या बाजूला म्युटेक्स आहे आणि एनेबलच्या बाजूला स्पिनलॉक.

बॅकलाइटच्या बाबतीत सुदैव असे की उजेड बदलण्याची विनंती म्युटेक्सखाली, झोपता येईल अशा संदर्भातून येते. त्यामुळे दोन्ही टप्पे एकत्र करणारे क्लॉक-प्रिपेअर-एनेबल आणि त्याचे उलट असलेले क्लॉक-डिसेबल-अनप्रिपेअर एवढी जोडी आपल्याला पुरते. टप्पे वेगळे करून प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनात) प्रिपेअर आणि नंतर फक्त एनेबल, असा 'वेग वाढवणारा' उपाय नवशिक्याला सुचतो. तो येथे करू नये. मीडियाटेकच्या याच ड्रायव्हरमध्ये पूर्वी क्लॉक प्रोबमध्ये प्रिपेअर होत आणि रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनात) अनप्रिपेअर होत. परिणाम असा की यंत्र झोपले तरी क्लॉक पूर्णपणे सुटत नव्हते आणि वीज वाया जात होती. पुढे ते काम चालू-बंद करण्याच्या जागी हलवण्यात आले.

तिसरी पायरी: डिव्हाइस ट्रीत नोंद करावी

पीडब्ल्यूएमच्या नोडमध्ये 'क्लॉक्स' या गुणधर्मात दोन्ही क्लॉकचे संदर्भ आणि 'क्लॉक-नेम्स' मध्ये त्यांची नावे त्याच क्रमाने द्यावीत. नावे बाइंडिंगच्या (त्या नोडच्या नोंदी कशा असाव्यात हे ठरवणाऱ्या नियमांच्या) दस्तऐवजात जशी आहेत तशीच हवीत. क्रम चुकला तरी कंपायलर काही बोलत नाही. ड्रायव्हर 'मेन' म्हणून भलताच क्लॉक घेतो, त्याचा दर विचारतो आणि सगळे गणित चुकते. बाइंडिंग तपासणारे साधन कर्नलबरोबरच मिळते. ते चालवण्याची सवय लावून घ्यावी, पण ते नावांचा क्रम तपासते, त्या नावाखाली योग्य क्लॉक जोडला आहे का हे ते सांगू शकत नाही.

एखाद्या बोर्डावर क्लॉकचा पालक (ज्या क्लॉकपासून तो मिळतो तो) किंवा दर बदलायचा असेल तर 'असाइन्ड-क्लॉक-पेरेंट्स' आणि 'असाइन्ड-क्लॉक-रेट्स' हे गुणधर्म त्यासाठीच आहेत. प्रोब सुरू होण्याआधी कर्नल ते अमलात आणतो. बोर्डाशी संबंधित आकडा ड्रायव्हरच्या सी फाइलमध्ये घालण्याची वेळ आली, तर तो इथे मांडता येतो का हे आधी पाहावे.

चौथी पायरी: प्रोबमध्ये फक्त मागावे

प्रोबमध्ये डेव्ह-एम-क्लॉक-गेट या फंक्शनाने दोन्ही क्लॉक नावानिशी मागावेत आणि खासगी स्ट्रक्टमध्ये ठेवावेत. 'डेव्ह-एम' हा उपसर्ग असल्यामुळे ड्रायव्हर सुटताना संदर्भ आपोआप परत जातो. मात्र चालू केलेला क्लॉक त्यामुळे आपोआप बंद होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्रास होते की दुसऱ्याचा कोड तपासताना मी रिमूव्ह फंक्शन सर्वांत आधी वाचतो.

परतीचे मूल्य रिकामा पॉइंटर आहे का असे तपासणे चूक आहे. त्रुटी पॉइंटरमध्येच गुंडाळून येते, म्हणून इज-एरर हा मॅक्रो वापरावा. क्लॉक पुरवणारा ड्रायव्हर अजून उभा राहिला नसेल तर 'प्रोब पुढे ढकला' अशा अर्थाची त्रुटी मिळते. ती जशीच्या तशी परत करावी, म्हणजे कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. डेव्ह-एरर-प्रोब हे फंक्शन अशा वेळी लॉगमध्ये उगाच ओरड न करता कारण नोंदवून ठेवते, म्हणून तेच वापरणे बरे. एखादा क्लॉक काही चिपांवर नसतोच, अशी स्थिती असेल तर ऐच्छिक क्लॉक मागणारे वेगळे फंक्शन आहे. क्लॉक नसल्यास ते रिकामा पॉइंटर देते आणि त्या रिकाम्या पॉइंटरावर प्रिपेअर, एनेबल वगैरे बोलावले तरी काही न करता यश मिळते, त्यामुळे कोडमध्ये जागोजागी 'जर-तर' लिहावे लागत नाही.

२०२२ पासून डेव्ह-एम-क्लॉक-गेट-एनेबल्ड हे आणखी एक फंक्शन उपलब्ध आहे. ते क्लॉक मागते, चालू करते आणि ड्रायव्हर सुटताना बंदही करते. ज्या उपकरणाला क्लॉक सदासर्वकाळ लागतो त्याच्यासाठी ते उत्तम आहे. बॅकलाइटसाठी नाही. पडदा दिवसाचा बराच वेळ बंद असतो आणि त्या वेळात क्लॉक चालू ठेवणे म्हणजे त्याच्यामागचा पालक क्लॉक, कदाचित एखादा पीएलएलसुद्धा, विनाकारण जागा ठेवणे.

पाचवी पायरी: चालू करण्याचा क्रम बसवावा

विनंती आल्यावर खालच्या थरातील अप्लाय फंक्शनाने पुढील क्रमाने काम करावे.

१. विनंती 'बंद' अशी असेल तर बंद करण्याच्या वाटेला जावे. ती वाट पुढे सातव्या पायरीत आहे.

२. आपल्याकडे क्लॉक आधीच चालू नसतील, तरच 'मेन' चालू करावा. अपयश आल्यास त्रुटी परत करावी.

३. मग 'एमएम' चालू करावा. इथे अपयश आल्यास आधी चालू केलेला 'मेन' बंद करूनच त्रुटी परत करावी.

४. क्लॉकचा दर विचारून आवर्तकाल आणि रुंदीचे आकडे काढावेत, ते रजिस्टरात लिहावेत आणि शेवटी एनेबल बिट लावावे.

तिसऱ्या मुद्द्यातली उलटी वाट सर्वांत जास्त वेळा राहून जाते, कारण चाचणीत ती कधी चालतच नाही. चौथ्या मुद्द्यातही एक खाच आहे. आवर्तकाल झेपण्यापलीकडचा असेल तर गणित मध्येच 'अवैध' म्हणून थांबते, आणि ही विनंती येण्याआधी क्लॉक बंद होते असे असेल तर ते तेथेही बंद करून परतावे लागते. क्लॉक दोनाहून अधिक असतील तर ही गुंतागुंत हाताने न सोडवता क्लॉक-बल्क गटातील फंक्शने वापरावीत; मधला क्लॉक अपयशी ठरला तर आधीचे बंद करण्याची काळजी ती स्वतः घेतात.

मोजणीचा तोल

या विषयावर थोडे अधिक थांबायला हवे, कारण क्लॉकसंबंधीच्या निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात असे माझे मत आहे.

प्रत्येक क्लॉकमागे कर्नल दोन मोजण्या ठेवतो, एक प्रिपेअरची आणि एक एनेबलची. एकच क्लॉक अनेक ड्रायव्हर वापरत असल्यामुळे हे आवश्यक आहे. पहिल्याने मागितला की गेट उघडते, दुसऱ्याने मागितला की नुसती मोजणी वाढते, आणि शेवटच्याने सोडल्यावर मोजणी शून्यावर आली की गेट बंद होते. कर्नल माणसे ओळखत नाही, फक्त संख्या ओळखतो. एकाच ड्रायव्हरने सात वेळा चालू केले तर सात वेळा बंद करावे लागते.

आता सरकपट्टीचा विचार करावा. वापरकर्ता बोट सरकवतो तेव्हा उजेड बदलण्याच्या विनंत्यांची रांग लागते आणि प्रत्येक वेळी अप्लाय बोलावले जाते. त्यात दर वेळी क्लॉक-प्रिपेअर-एनेबल लिहिलेले असेल तर मोजणी वीस-तीसपर्यंत सहज चढते. पडदा बंद करताना ती एकाने उतरते. पडदा बंद दिसतो, कारण पीडब्ल्यूएमचे एनेबल बिट काढलेले असते. क्लॉक मात्र चालूच राहतो. कुणाची तक्रार येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही आणि बॅटरी मात्र रात्रभरात उतरते.

याच्या उलट चूक लवकर पकडली जाते. पडदा बंद करण्याची विनंती लागोपाठ दोनदा आली, आणि ती येतेच, कारण एकदा डिस्प्लेचा ड्रायव्हर ती देतो आणि एकदा वापरकर्त्याच्या बाजूने येते, तर दुसऱ्या वेळी शून्यावर असलेली मोजणी आणखी उतरवण्याचा प्रयत्न होतो. मग कर्नल क्लॉकचे नाव घेऊन 'आधीच बंद आहे' अशा अर्थाचा इशारा आणि त्यामागोमाग सगळा स्टॅक लॉगमध्ये ओततो. तो क्लॉक दुसऱ्या कुणी धरून ठेवलेला असेल तर मात्र इशाराही येत नाही. आपण दुसऱ्याच्या वाट्याची मोजणी उतरवतो, आणि आपल्या चुकीमुळे भलत्याच उपकरणाचा क्लॉक तुटतो.

उपाय साधा आहे. खासगी स्ट्रक्टमध्ये 'चालू' नावाचे एक बूलियन ठेवावे आणि क्लॉकला हात फक्त स्थिती बदलताना लावावा: ते असत्य असताना 'चालू'ची विनंती आली तर क्लॉक घ्यावेत आणि ते सत्य करावे, सत्य असताना 'बंद'ची विनंती आली तर क्लॉक सोडावेत आणि ते असत्य करावे. मीडियाटेकचा ड्रायव्हर नेमके हेच करतो. हा निर्णय उजेडाच्या आकड्यावरून घेऊ नये. उजेड शून्य असणे आणि पडदा बंद असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काही पडद्यांवर सर्वांत खालच्या पायरीलाही मंद उजेड अपेक्षित असतो. जे पीडब्ल्यूएम न वापरता थेट बॅकलाइट उपकरण नोंदवतात त्यांनी बॅकलाइट-गेट-ब्राइटनेस हे साहाय्यक फंक्शन वापरावे, म्हणजे पडदा झाकलेला असताना शून्य मिळते आणि पॉवर, ब्लँक वगैरे अवस्थांची जुळवाजुळव स्वतः करावी लागत नाही.

सहावी पायरी: दर विचारून गणित करावे

क्लॉकचा दर क्लॉक-गेट-रेट या फंक्शनाने विचारावा आणि तोही क्लॉक चालू केल्यानंतर, कारण दराच्या खरेपणाची हमी त्यानंतरच असते. क्लॉकच्या नावात एखादा आकडा असला तरी त्यावर विसंबू नये.

समजा 'मेन' क्लॉकचा दर २६ मेगाहर्ट्झ आहे आणि आपल्याला १ किलोहर्ट्झ, म्हणजे १ मिलिसेकंद आवर्तकाल हवा आहे. एका आवर्तनात २६,००० ठोके पडतात. पण या चिपवर आवर्तकालाचे क्षेत्र १२ बिटांचे आहे, म्हणजे ४,०९६ ठोक्यांपलीकडे मोजता येत नाही. म्हणून आधी भाजक लावावा लागतो. २६,००० ला ४,०९६ ने भागले की पूर्ण भाग ६ येतो, आणि हार्डवेअर भाजकात एक मिळवून वापरत असल्यामुळे प्रत्यक्ष भागाकार ७ ने होतो. २६,००० भागिले ७ म्हणजे ३,७१४ आणि काही अंश. अंश सोडून द्यावा, आणि आवर्तकालाच्या क्षेत्रातही हार्डवेअर एक मिळवत असल्याने रजिस्टरात ३,७१३ लिहावेत. अर्ध्या उजेडासाठी १३,००० भागिले ७, म्हणजे रुंदीच्या क्षेत्रात १,८५७. प्रत्यक्षात मिळणारी वारंवारता १,०००.०८ हर्ट्झच्या आसपास येते आणि १,८५७ ही ३,७१४ ची बरोबर निमपट आहे. भाजकाची कमाल मर्यादा १,०२३ असल्याने यापेक्षा फार मोठा आवर्तकाल मागितला तर ड्रायव्हरने विनंती नाकारावी. जवळचे काहीतरी गुपचूप भरू नये.

हे गुणाकार ६४ बिटांतच करावेत. नॅनोसेकंदांना हर्ट्झने गुणले की ३२ बिटांची मर्यादा लगेच ओलांडली जाते आणि मिळालेला आकडा दिसायला ठीकठाक, पण पूर्ण चुकीचा असतो. कर्नलमध्ये गुणाकार-भागाकार एकत्र करणारी ६४ बिटी फंक्शने तयार आहेत.

दर चुकीचा धरला तर काय दिसेल? क्लॉक खरोखर ५२ मेगाहर्ट्झचा असेल आणि आपण २६ धरला असेल, तर वारंवारता दुप्पट होईल, पण रुंदी आणि आवर्तकाल यांचे गुणोत्तर तेच राहील. पडदा बरोबर तेवढाच उजळ दिसेल. त्यामुळे डोळ्यांनी केलेल्या चाचणीत ही चूक सापडत नाही. एलईडीच्या चिपला ती वारंवारता झेपेनाशी झाली किंवा उजेडाच्या खालच्या पायऱ्या उड्या मारू लागल्या, की मगच शंका येते. एकदा तरी ऑसिलोस्कोप लावून पाहावे.

बॅकलाइटच्या ड्रायव्हरने स्वतः क्लॉक-सेट-रेट बोलावण्याचा मोह टाळावा. पालक क्लॉक सामायिक असेल तर आपल्या सोयीसाठी बदललेला दर डिस्प्लेच्या इतर भागांना भोवू शकतो. दुसऱ्या कुणी आपला दर बदलू नये असे वाटत असेल तर दरावर एकाधिकार मागण्याची सोय फ्रेमवर्कमध्ये आहे, आणि दर बदलल्याची सूचना मिळवण्यासाठी नोटिफायरही आहे. पण बहुतेक बॅकलाइटांना या दोहोंचीही गरज पडत नाही.

सातवी पायरी: बंद करताना पिन कुठे थांबते ते पाहावे

बंद करण्याचा क्रम चालू करण्याच्या नेमका उलटा असावा: आधी एनेबल बिट काढावे, मग 'एमएम' सोडावा, मग 'मेन'. क्लॉक आधी सोडून रजिस्टर नंतर लिहिले तर पहिल्या पायरीत सांगितलेली शून्य मिळण्याची किंवा गोठण्याची वेळ येते.

याहून फसवी गोष्ट पिनेची आहे. अनेक पीडब्ल्यूएममध्ये नवे आकडे आधी छायारजिस्टरात जातात आणि चालू आवर्तन संपल्यावर लागू होतात. आपण 'रुंदी शून्य' लिहून त्याच क्षणी क्लॉक सोडला तर ते आवर्तन कधी संपतच नाही. पिन ज्या पातळीवर होती तिथेच अडकते. ती खाली अडकली तर नशीब. वर अडकली तर पडदा पूर्ण उजेडाने पेटलेला राहतो, आणि पिन कधी खाली अडकते तर कधी वर, त्यामुळे दोष 'अधूनमधून' येतो. म्हणून क्लॉक सोडण्याआधी निदान एक आवर्तन जाऊ द्यावे. ॲटमेलच्या पीडब्ल्यूएम ड्रायव्हरमध्ये अशी वाट मुद्दाम पाहिलेली आहे. मीडियाटेकच्या या भागात छायारजिस्टरातले आकडे लागू करण्यासाठी वेगळे 'कमिट' बिट असते. ते लावून काढायचे राहिले तर आकडे लिहूनही उजेड बदलत नाही. शिवाय बोर्डावर एनेबल पिन असेल तर पीडब्ल्यूएम-बॅकलाइटच्या नोडमध्ये तिची नोंद अवश्य करावी, कारण एलईडीची चिपच बंद असली की पीडब्ल्यूएमची पिन कुठे अडकली याने फरक पडत नाही.

आठवी पायरी: बूटलोडरकडून ताबा नीट घ्यावा

बूटलोडरने लोगो दाखवला असेल तर कर्नल सुरू होतो तेव्हा बॅकलाइट आणि त्याचे क्लॉक आधीपासूनच चालू असतात. कर्नलच्या वहीत मात्र त्यांची मोजणी शून्य असते. बूटच्या अगदी शेवटच्या टप्प्यात क्लॉक फ्रेमवर्क अशी झाडाझडती घेते की ज्या क्लॉकची मोजणी शून्य आहे पण जे प्रत्यक्षात चालू आहेत ते सगळे बंद करावेत. आपला ड्रायव्हर तोवर उभा राहिला नसेल, उदाहरणार्थ तो मॉड्यूल म्हणून बांधलेला असेल, तर पडदा त्याच क्षणी काळा पडतो.

दुसरा सापळा यापेक्षा आधी येतो. पीडब्ल्यूएमचा गाभा (कर्नलमधील सामायिक कोड) उपकरण पहिल्यांदा मागितले जाताना सध्याची स्थिती वाचण्यासाठी गेट-स्टेट बोलावतो. त्यात आपण शिस्तीने क्लॉक चालू करतो, रजिस्टर वाचतो आणि क्लॉक बंद करतो. मोजणी शून्यावरून एकावर जाते आणि पुन्हा शून्यावर येते. शून्यावर येताच गेट खरोखर बंद होते. म्हणजे बूटलोडरने चालू ठेवलेला दिवा आपण नुसती स्थिती वाचून विझवतो. आय.एमएक्स२७ आणि रॉकचिप यांच्या पीडब्ल्यूएम ड्रायव्हरांनी यावर सरळ तोड काढली आहे: प्रोबमध्ये क्लॉक चालू करून एनेबल बिट पाहायचे आणि पीडब्ल्यूएम चालू आढळला तर क्लॉक सोडायचाच नाही. आपणही तसेच करावे आणि त्याच वेळी खासगी 'चालू' बूलियन सत्य करून ठेवावे, नाहीतर पुढच्या अप्लायमध्ये मोजणी एकाने जास्त चढते आणि वर वर्णन केलेला बॅटरीचा दोष मागच्या दाराने परत येतो.

झाडाझडती थांबवणारा 'क्लॉक-इग्नोर-अनयूज्ड' हा पर्याय कर्नलच्या कमांड लाइनवर देता येतो. निदानासाठी तो फार उपयोगी आहे: तो दिल्यावर पडदा काळा पडायचा थांबला, तर कोणीतरी आपला क्लॉक मागायला विसरले आहे हे नक्की. पण तो देऊन उत्पादन बाजारात पाठवणे किंवा क्लॉकला 'अत्यावश्यक' असा शिक्का मारून मोकळे होणे हे दोष झाकणे झाले. लोगोपासून डेस्कटॉपपर्यंत पडदा अखंड हवा असेल तर डिव्हाइस ट्रीतील सिंपल-फ्रेमबफर नोडमध्ये लागणारे क्लॉक नोंदवण्याची सोय आहे. खरा डिस्प्ले ड्रायव्हर येईपर्यंत तो नोड ते धरून ठेवतो.

नववी पायरी: झोप आणि जाग

पीडब्ल्यूएम-बॅकलाइट वापरत असाल तर यंत्र झोपताना वरचा थर स्वतः 'बंद'ची विनंती पाठवतो आणि आपली सातवी पायरी नीट असेल तर वेगळे काही लिहावे लागत नाही. थेट बॅकलाइट उपकरण नोंदवणाऱ्यांनी गाभ्याकडून झोप-जागेची हाताळणी मागणारा पर्याय नोंदणीच्या वेळी लावावा. जागे झाल्यावर रजिस्टरे पुसली गेली असण्याची शक्यता धरून सर्व आकडे पुन्हा लिहावेत. आणि क्लॉक चालू असूनही रजिस्टरे शून्यच देत असतील तर पॉवर डोमेन पाहावे. त्या भागाची वीजच बंद असेल तर क्लॉक देऊन उपयोग नाही.

दहावी पायरी: मोजणी डोळ्यांनी पाहावी

डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलप्रणाली) माउंट केल्यावर त्यातील 'क्लॉक' निर्देशिकेत 'क्लॉक-समरी' नावाची फाइल मिळते. तीत सगळ्या क्लॉकचे झाड, प्रत्येकाची एनेबल आणि प्रिपेअर मोजणी आणि दर एका ओळीत दिसतात. पडदा चालू करून आपल्या दोन्ही क्लॉकच्या ओळी पाहाव्यात. सिसएफएसमधील बॅकलाइटच्या 'ब्राइटनेस' फाइलमध्ये लूप लावून आकडे शंभर-दोनशे वेळा बदलावेत आणि ओळी पुन्हा पाहाव्यात. एकही आकडा हललेला नसावा. मग 'बीएल-पॉवर' फाइलमध्ये ४ लिहून पडदा बंद करावा. क्लॉक दुसऱ्या कुणी वापरत नसेल आणि पीडब्ल्यूएम-बॅकलाइटच्या नोडमध्ये एनेबल पिन किंवा वीजपुरवठा नोंदवलेला असेल तर दोन्ही मोजण्या शून्यावर यायला हव्यात. पुन्हा ४ लिहावे आणि लॉगमध्ये इशारा आला नाही याची खात्री करावी.

मोजणी चढते आहे पण कुठून ते कळत नसेल तर ट्रेसिंगमध्ये 'क्लॉक' गटातील घटना चालू कराव्यात. एनेबल, डिसेबल, प्रिपेअर आणि दर बदलणे यांची प्रत्येक नोंद क्लॉकच्या नावासह मिळते आणि स्टॅकही सोबत मागता येतो. सर्वांत शेवटी सिसएफएसमधूनच ड्रायव्हर उपकरणापासून सोडवून पुन्हा जोडावा, एकदा पडदा बंद असताना आणि एकदा चालू असताना. पडदा चालू असताना सोडवल्यावर मोजणी एकावर अडकून राहिली, तर रिमूव्हच्या वाटेत क्लॉक सोडायचे राहिले आहे.